नऊ दहाची लोकल आणि दोन पेरेरा

१ मार्च १९७९ रोजी अ‍ॅडमिरल रोनाल्ड लिन्सडेल पेरेरा यांनी नौदलप्रमुख म्हणून सूत्रं हाती घेतली. जन्म केरळातल्या कण्णूरचा, घराणं ख्रिस्ती. त्यांनी ज्यांच्याकडून पदभार घेतला ते अ‍ॅडमिरल जाल कर्सेटजी पारशी. त्या वेळी हवाईदलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, हैदराबादचे. फाळणीच्या वेळी जुन्या मित्रांनी पाकिस्तानात बोलावलं, तरी ते इथेच राहिले. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, म्हणून आपल्याकडच्या जुन्या वाचकांना नाव ओळखीचं असेल. आणि लष्करप्रमुख जनरल ओम प्रकाश मल्होत्रा, तोफखान्याचे. हे तिघं एका टेबलाशी बसून देशाच्या संरक्षणाचं बोलत होते आणि त्यात कुणालाही विशेष काही वाटत नव्हतं.

त्याच वर्षी मुंबईत एक लहानसा हिंदी चित्रपट लागला. त्यातही एक पेरेरा कुटुंब होतं. ‘बातों बातों में’. दिग्दर्शक बासू चॅटर्जी. नायिका नॅन्सी पेरेरा म्हणजे टीना मुनीम, नायक टोनी ब्रगँझा म्हणजे आपला अमोल पालेकर. वांद्र्याहून चर्चगेटला जाणारी सकाळची नऊ दहाची लोकल, समोरासमोरची बाकं, एक चित्रं काढणारा मुलगा आणि एक ऑफिसला निघालेली मुलगी. गोष्ट एवढीच.

या ब्लॉगवर मी एरवी लढाया, किल्ले, रेजिमेंट यांच्याबद्दल लिहितो. मग आज सिनेमा कशाला, असं काही वेटरन मंडळी विचारतील. कारण सांगतो. सध्या पोस्टिंग बेंगळुरूला आहे आणि इथल्या कँटोन्मेंटच्या जुन्या भागात हिंडताना हा सिनेमा सारखा आठवतो. दुसरं म्हणजे, गणवेशात आम्ही जी गोष्ट रोज न बोलता जगतो, ती पडद्यावर नीट दाखवायला हिंदी सिनेमाला फार वर्षं लागली. कुठे जमली, कुठे फसली, हा इतिहासाचाच विषय आहे.

आधी थोडं मागे जाऊ. हिंदी पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस कसा असायचा? पुरुष असेल तर हातात बाटली. बाई असेल तर अंगात फ्रॉक आणि खलनायकाच्या अड्ड्यावर नाच. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये प्रेमनाथ गोव्याचा कोळी जॅक ब्रगँझा झाला, दिलदार, पण पिणारा आणि आरडाओरडा करणारा. ‘ज्यूली’ (१९७५) मध्ये अँग्लो-इंडियन घर आलं, वडील रेल्वेत, तेही बाटलीवाले, आणि मुलगी लग्नाआधी आई होणारी. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधला अँथनी लाडका खरा, पण धंदा दारूचा आणि जन्माने तो हिंदू घरातला. म्हणजे अंगावर क्रॉस असलेला नायक हवा, पण रक्त आपलंच हवं, अशी ती सोय होती. या चित्रपटांवर माझा राग नाही, त्यातले दोन मी आजही आवडीने पाहतो. पण एक समाज तीन-चार ठशांत कोंबला गेला होता, हे खरं.

याची किंमत कोण मोजतं? कॉक्स टाउनमध्ये एक आंटी राहतात. त्यांचे यजमान फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. वय ऐंशीच्या घरात, अजून केस नीट सेट करून रविवारी चर्चला जातात. दोन्ही मुलं ऑस्ट्रेलियात. एकदा चहाला गेलो असताना जुन्या सिनेमांचा विषय निघाला. लग्नाआधी त्या एका कारखान्याच्या ऑफिसात स्टेनो होत्या. बसस्टॉपवर उभ्या राहिल्या की पोरं सिनेमातल्या गाण्यांच्या शिट्ट्या मारायची. फ्रॉक घातलेली मुलगी म्हणजे कशी, हे त्या पोरांना सिनेमाने शिकवलं होतं. आंटी म्हणाल्या, “मी सकाळी साडेपाचला उठून घरचा स्वयंपाक करून निघायचे. त्या पोरांना वाटायचं मी रात्री क्लबमध्ये नाचून आलेय.” हे सांगताना त्या हसल्या. मी नाही हसू शकलो.

आता ‘बातों बातों में’ मधली नॅन्सी बघा. तीही स्कर्ट-फ्रॉकमध्ये आहे. पण तो फ्रॉक ऑफिसला जायचा आहे. ती लोकल पकडते, पगार आणते, घर चालवायला हातभार लावते. आई विधवा, तिच्या जिवाला एकच घोर, मुलीला चांगलं कमावतं स्थळ मिळावं. ही रोझी आंटी पर्ल पदमसी यांनी अशी केली आहे की सदाशिव पेठेतल्या कुठल्याही आईला तिच्यात स्वतःची जाऊ सापडेल. धाकटा भाऊ सतत व्हायोलिन घेऊन बसलेला. ते काम करणारा रणजित चौधरी हा पर्लबाईंचा खरा मुलगा. शेजारी टॉम अंकल, लग्नं जुळवणारे. टोनीचं काय, तर त्याचं नॅन्सीवर प्रेम आहे पण लग्नाची घाई नको आहे, आणि भावी सासूला हीच गोष्ट खपत नाही. भांडण इथून सुरू होतं.

या सगळ्यात काय नाही ते महत्त्वाचं. धर्मांतर नाही. गोरगरीब ख्रिस्ती मुलीला वाचवायला येणारा हिंदू नायक नाही. पडद्यावरच्या कुणाला ‘आम्ही ख्रिस्ती म्हणजे असे’ हे समजावून सांगावं लागत नाही. ती माणसं आपल्या घरात राहतात तशी राहतात, आपण प्रेक्षक त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जातो. बासूदांनी आदल्याच वर्षी ‘खट्टा मीठा’ (१९७८) मध्ये पारशी घराचं असंच केलं होतं; तिथेही पर्ल पदमसी होत्या, समोर अशोककुमार.

अशोककुमारांवरून आठवलं, फौजी वाचकांसाठी एक आडवळण घेतो. बासूदांच्याच ‘छोटी सी बात’ मध्ये खंडाळ्याला राहणारा एक निवृत्त कर्नल आहे. भित्र्या अमोल पालेकरला तो धीट करतो, टेबल टेनिस आणि बुद्धिबळाचे डावपेच शिकवतो. त्याचं नाव आठवतंय? कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग. मुळात तो सिनेमा ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० च्या इंग्रजी विनोदपटावरून घेतलेला. पण हे नाव अस्सल इथलं. लोक त्याला विनोद समजून हसतात. मला तो अर्धाच विनोद वाटतो. पलटणीत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याचं आतलं नाव थोडंफार असंच होत जातं. मी स्वतः मराठी, पण उमेदीची वर्षं मद्रास सॅपर्सच्या थंबींबरोबर गेली. तमिळ शिकलो, पोंगल केला, नाताळला जवानांबरोबर कॅरोल म्हटले, सर्वधर्म स्थळात मंदिर परेडला उभा राहिलो. आमच्याकडे नियमच असा की जवानांचा सण तो अधिकाऱ्याचा सण. ख्रिस्ती अधिकारी मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर तो शिवाजी महाराजांच्या जयघोषातच हल्ल्याला निघतो, आणि त्या वेळी त्याच्या गळ्यात क्रॉस आहे की नाही हे कुणी पाहत नाही.

बासूदा स्वतः सिनेमात येण्याआधी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रकार होते. लोकलमध्ये चित्रं काढणारा टोनी त्यांच्या हाताशी सहज आला असणार. व्यंगचित्रकाराला माणूस चार रेषांत पकडायची सवय असते, आणि ठसा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो हेही त्याला बहुधा इतरांपेक्षा जास्त कळतं. पालेकरही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले चित्रकार. त्यामुळे पेन्सिल हातात धरलेला टोनी कुठेच खोटा वाटत नाही.

पण आता दुसरी बाजू. हा सिनेमा ख्रिस्ती घरांचा असला तरी प्रमुख जोडीतला एकही जण ख्रिस्ती नाही. पालेकर मराठी हिंदू, टीना मुनीम गुजराती. त्याला माझी हरकत नाही, नटाचं कामच दुसऱ्याच्या कातडीत शिरायचं. मला जास्त रस वाटतो तो टॉम अंकलमध्ये.

टॉम अंकल झालेले डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनाव वाचून थांबा. चेऊल म्हणजे चौल, अलिबागजवळचं आपलं प्राचीन बंदर. डेव्हिड बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरागत समजूत अशी की पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. गावात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावावरून आडनावं, घरात मराठी, आणि बायबलमधल्या कथांवर मराठीतून कीर्तनं. फौजी वाचकांना विशेष सांगण्यासारखं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात या छोट्याशा समाजाचे पुष्कळ लोक होते आणि त्यातले कित्येक सुभेदार पदापर्यंत पोहोचले. इस्रायलला गेलेल्या मंडळींनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

आता गंमत पाहा. डेव्हिड गाजले ते ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधल्या जॉन चाचांमुळे, त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. म्हणजे ख्रिस्ती भूमिका. पंचवीस वर्षांनी टॉम अंकल, पुन्हा ख्रिस्ती. ‘ज्यूली’ मधली आई झालेल्या नादिरा याही जन्माने ज्यू, बगदादी घराण्यातल्या. हिंदी सिनेमाच्या हिशेबात ‘इंग्रजी बोलणारे, चर्चबिर्चला जाणारे’ अशी एकच कपाटातली फळी होती आणि ज्यू, अँग्लो-इंडियन, गोवेकर, मंगळूरकर सगळे त्या फळीवर. चौलच्या माणसाला टॉम होता आलं, पण अब्राहम चेऊलकर म्हणून स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायला कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. तसं कुणी बोलावलं असतं तर तो सिनेमा मराठीत झाला असता!

मराठीचा मुद्दा इथेच सोडवत नाही, कारण मला या सिनेमात खरी खोट तिथे दिसते.

वांद्रे हे काही फक्त गोव्याहून आलेल्यांचं गाव नव्हे. रणवार, चिंबई, पाली या गावठाणांत मूळचे ईस्ट इंडियन राहतात. नाव इंग्रजी, माणसं उत्तर कोकणची. वसई-साष्टीत पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले शेतकरी, कोळी, आगरी, भंडारी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण हे लोक कुठे जाणार? त्यांची जमीन इथे होती. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठी फौजेने आणल्या, त्यातली एक भीमाशंकरला, एक मेणवलीला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात टांगलेली आपण पाहतो. ज्यांच्या कानावर ती घंटा पिढ्यान्‌पिढ्या पडत होती ते कानही मराठीच होते, ही गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगत नाही. पुढे रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत गोव्याचे, मंगळूरचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा स्थानिकांनी वेगळी ओळख राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव उचललं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांची असोसिएशन स्थापन झाली. त्यांच्या म्हाताऱ्या बायका लुगडं नेसायच्या, घरात बाटली मसाला कुटला जायचा, लग्नातली गाणी मराठीच्या त्यांच्या बोलीत.

नऊ दहाच्या लोकलमध्ये यातला कुणीच चढत नाही. सगळे हिंदी बोलतात आणि मधूनमधून इंग्रजी फोडणी. कोंकणी नाही, मराठी नाही. ठसा मोडताना बासूदांनी एक ठसा तसाच ठेवला, की ख्रिस्ती म्हणजे भाषेने उपरा.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. एका जुन्या पोस्टिंगवर आमच्याबरोबर वसईचा एक अधिकारी होता. त्याचं खरं नाव वेगळंच, पण आल्याआल्या कुणीतरी ‘टोनी’ म्हटलं आणि तेच चिकटलं. त्याच्या आईची पत्रं यायची ती शुद्ध देवनागरीत, वळणदार अक्षरात, सुरुवात ‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’. डोंगरावर पत्र दहा-पंधरा दिवसांनी पोहोचे आणि तो ते दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा मला ऐकवत. नवीन मराठी माणूस भेटला की ठरलेला प्रश्न येई, “अरे वा, तुमचं मराठी इतकं छान कसं?” तो शांतपणे म्हणे, “सर, तुमचं कसं?” एका हिवाळ्यात मेसमध्ये ‘बातों बातों में’ ची कॅसेट लावली होती. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, तोही हसत होता. संपल्यावर बाहेर थंडीत उभा राहून म्हणाला, “छान आहे रे. पण यात एकही बाई माझ्या आजीसारखी बोलत नाही.”

तारखांचंही बघू. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेत ओम प्रकाश त्यागी यांनी धर्मांतराला आळा घालणारं खासगी विधेयक मांडलं. त्याचं नाव ‘धर्मस्वातंत्र्य विधेयक’. पुढच्या काही महिन्यांत त्याविरुद्ध देशभर ख्रिस्ती समाजाचे मोर्चे निघाले, मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंना खुलं पत्र लिहिलं. लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिथेच संपलं. राजकारणात शिरणं माझ्या गणवेशाचं काम नाही, म्हणून विधेयकाच्या बऱ्यावाईटात जात नाही. पण रोझी आंटी पडद्यावर जावई शोधत होती त्या वर्षी खऱ्या वांद्र्यात जेवणाच्या टेबलावर आणखीही काही बोललं जात असणार. सिनेमात त्याची सावलीसुद्धा नाही. हलकाफुलका सिनेमा आहे, त्याच्याकडून सगळंच का मागावं, असं कुणी म्हणेल. मान्य. तरी मला वाटतं की त्या वर्षी, त्या हवेत, ख्रिस्ती घर हे कुणाचंही घर असतं एवढंच दाखवणं हीसुद्धा एक बाजू घेणं होतं. बासूदा भाषण करणारे नव्हते. त्यांनी ती बाजू लोकलच्या बाकावर बसून घेतली.

बेंगळुरूकडे येतो. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून फौज इथे हलवली आणि कँटोन्मेंट उभं राहिलं. जुन्या पेठेत कन्नड, छावणीत तमिळ, उर्दू, इंग्रजी, असं दोन गावांचं एक गाव. १९४७ पर्यंत छावणीचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटकडे होता, १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका एक झाल्या. फ्रेझर टाउन, कॉक्स टाउन, रिचर्ड्स टाउन ही नावं त्या काळातली. व्हाइटफील्ड तर १८८० च्या दशकात अँग्लो-इंडियनांची शेतकरी वसाहत म्हणून वसलं. आता तिथे आयटीचे काचेचे मनोरे आहेत. एम. जी. रोडवरच्या प्लाझा थिएटरच्या जागी मेट्रोचं स्टेशन. कब्बन रोडवरचं बी.आर.व्ही. थिएटर म्हणजे मुळात बँगलोर रायफल व्हॉलंटियर्सची इमारत. जिथे लोक सिनेमा पाहायचे तिथे आज आमचं कँटीन आहे. रांगेत साबण आणि बिस्किटं घेऊन उभा असताना मी वर छताकडे बघतो, तेव्हा कॅश काउंटरवरचा हवालदार समजतो की साहेबांना पंखा हवाय. सेंट मेरी बॅसिलिका ज्या भागात आहे त्याचं नाव शिवाजीनगर. सप्टेंबरच्या आठ तारखेला तिथे मेरीमातेचा रथ निघतो. रथ ओढणाऱ्यांत आणि मेणबत्त्या लावणाऱ्यांत हिंदू किती, मुसलमान किती, हे मोजायला गेलात तर संध्याकाळ होईल.

अ‍ॅडमिरल पेरेरा निवृत्तीनंतर याच शहरात राहिले आणि १९९३ मध्ये इथेच गेले. पडद्यावरच्या पेरेरांची पुढची पिढी, आंटींच्या मुलांप्रमाणे, बहुधा मेलबर्न-पर्थला असेल. जी मागे राहिली त्यांचं प्रतिनिधित्व हा शब्द कायद्याच्या अर्थानेही आक्रसला. लोकसभेत अँग्लो-इंडियनांसाठी दोन नेमलेल्या जागा होत्या, कर्नाटकासारख्या काही राज्यांच्या विधानसभांत एकेक. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० मध्ये ती तरतूद संपली. आंटींना विचारलं तर म्हणाल्या, “मला तर आमचा एम.एल.ए. कधी भेटलाच नाही. पण तो आहे हे माहीत होतं, इतकंच.”

त्याच जानेवारीत, उस्मानाबादला, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. वसईचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, आयुष्यभर मराठीत लिहिलेले. त्यांच्या निवडीला काही ठिकाणी विरोधही झाला होता, पण संमेलन झालं. मी त्या वेळी दूरच्या पोस्टिंगवर होतो. फोनवर वसईच्या त्या मित्राचा मेसेज आला. त्यात फक्त संमेलनाच्या व्यासपीठाचा फोटो होता आणि खाली एक ओळ: आजी असती तर टीव्हीसमोरून उठली नसती.